बाजारगावाभोवतीचे रस्ते : रोड सायकलसाठी मार्ग आखायचा कसा?

आडफाटा (धागाकर्ता)

मंडळी, रोड बाईक (डांबरी रस्त्यावर वेगाने चालवायची बारीक टायरची सायकल) नवीन असते तेव्हा बहुतेक जण एकच उद्योग करतात. गावाबाहेर पडणारा सगळ्यात रुंद रस्ता धरायचा, ठरलेल्या अंतरावर यू-टर्न मारायचा आणि त्याच रस्त्याने घरी. पाय तयार होतात यात वाद नाही. पण तोच रस्ता, तेच ट्रक आणि तोच धूर, याला माणूस किती दिवस चिकटून राहणार? मग सायकल भिंतीला आणि तक्रार सुरू : "आमच्याकडे चालवायला रस्तेच नाहीत."

महानगराबद्दल हे कोणी म्हणालं तर मी ऐकून घेईन. बाजारपेठेच्या गावाबद्दल म्हणत असेल तर त्याने नकाशा नीट उघडलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाजारगाव वसतं तेच मुळी रस्ते एकत्र येतात म्हणून. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं माल घेऊन यायची आणि दिवस मावळायच्या आत परत जायची, तेही पायी किंवा जनावरांच्या गाडीने. त्यामुळे दोन बाजारांमधलं अंतर माणसाच्या चालीवर ठरलं. 13व्या शतकातला इंग्लंडचा न्यायविद हेन्री डी ब्रॅक्टन याचा हिशोब प्रसिद्ध आहे. दिवसाची चाल 20 मैल धरायची आणि तिचे तीन भाग करायचे : एक जायला, एक खरेदी-विक्रीला, एक परतायला. म्हणून नवा बाजार जुन्यापासून निदान सहा आणि दोन तृतीयांश मैल, म्हणजे साधारण 10.7 किमी लांब असावा. पुढे 1933 मध्ये जर्मन भूगोलतज्ज्ञ वाल्टर क्रिस्टालर याने दक्षिण जर्मनीतल्या गावांवरून सिद्धान्तच मांडला. जमीन सगळीकडे सारखी धरली तर मोठ्या गावाभोवती लहान गावं षटकोनाच्या कोपऱ्यांवर येतात. प्रत्यक्षात नदी, डोंगर आणि जंगल हा षटकोन मोडतात, तरी ढाचा ओळखू येतोच.

आपल्या कामाचं यातलं काय? मध्ये गाव, त्यातून चाकाच्या आऱ्यांसारखे निघालेले पाच-सहा मोठे रस्ते आणि त्या आऱ्यांना आडवे जोडणारे गावोगावचे छोटे रस्ते. मोठ्या रस्त्यावरच्या प्रत्येकाला गावात जायचं असतं किंवा गावातून निघायचं असतं. आडव्या रस्त्यावर फक्त त्या दोन खेड्यांचीच वर्दळ. राईड आडव्या रस्त्यांवर करायची. आरे फक्त तिथवर पोचायला आणि परत यायला.

माझी पद्धत अशी. सगळ्यात कमी रहदारीच्या आऱ्याने बाहेर पडायचं. सात-आठ किमीवर पहिला बरा फाटा आला की वळायचं, एखाद-दुसरा आरा ओलांडायचा आणि तिसऱ्या आऱ्याने परत. साधं गणित : 8 किमी बाहेर गेलात, वर्तुळाचा सहावा भाग फिरलात आणि 8 किमी परत आलात तर 24-25 किमी होतात. रस्ते सरळ नसतात, त्यामुळे हातात 30 पडतात. तिसरा भाग फिरलात तर चाळिसाच्या आसपास. पूर्ण प्रदक्षिणा घातलीत तर 75-80. म्हणजे एकाच गावाभोवती तासाभरापासून अर्ध्या दिवसापर्यंतचं सगळं निघतं, आणि गाव कायम हाकेच्या अंतरावर. सायकल बिघडली तर जवळचा आरा धरून घरी.

मार्ग चांगला की वाईट हे मी किलोमीटरवर किंवा चढावर ठरवत नाही. मोठा रस्ता किती वेळा ओलांडावा लागतो आणि कुठे, हे आधी बघतो. बाकीचं नंतर.

तुमच्या पद्धती लिहा. वाद घाला, पण सायकलच्या ब्रँडवर घसरू नका, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

मंदगती

वाचनखूण साठवली. मी अगदी नवीन आहे, म्हणून बाळबोध प्रश्न. नकाशावर आडवा रस्ता छान दिसतो. प्रत्यक्षात गेलं की दोन किलोमीटरवर डांबर संपतं आणि पुढे खडी नाहीतर चिखल. परत फिरलं तर अंतर दुप्पट, पुढे गेलं तर पंक्चर. हे घरी बसून कसं ओळखायचं?

आडफाटा

मंदगती, प्रश्न बाळबोध नाही, सगळी मेख तिथेच आहे.

एकाच नकाशावर विसंबू नका. ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 मध्ये स्टीव्ह कोस्ट याने सुरू केलेला खुला नकाशा. यात लोकांनी रस्त्याच्या पृष्ठभागाची नोंद केलेली असते : डांबरी, काँक्रीट, खडीचा, मातीचा. सायकलचे मार्ग आखणारी बरीच ॲप्स हाच नकाशा वापरतात. पण ही नोंद माणसांनी हाताने केलेली असते. जिथे कोणी केलीच नाही तिथे ॲप अंदाज बांधतं आणि खुशाल तुम्हाला शेतात घालतं.

म्हणून उपग्रहचित्र बघायचंच. डांबरी रस्ता गडद करडा दिसतो, दोन्ही कडा सरळ, रुंदी एकसारखी. मातीचा रस्ता फिकट, कडा फिसकटलेल्या, मध्ये मध्ये पसरलेला. मधोमध हिरवा पट्टा आणि बाजूला दोन समांतर रेघा दिसल्या की समजा ती ट्रॅक्टरची चाकोरी आहे, तिकडे रोड बाईकचं काम नाही. रस्त्यावरून घेतलेले फोटो उपलब्ध असतील तर त्यांची तारीख आधी बघा. पाच वर्षांपूर्वीचं गुळगुळीत डांबर आजचं नव्हे.

हीटमॅप (सायकलवाल्यांच्या नोंदलेल्या राईड एकत्र दाखवणारा नकाशा) बघताना जरा डोकं वापरावं लागतं. ठळक रेघ म्हणजे तिथून बरेच जण सायकलने जातात, एवढंच. ते मोठ्या रस्त्याने जाताहेत कारण त्यांना दुसरा माहीत नाही, असंही असतं. अगदी काळोख असेल तर रस्ता वाईट तरी आहे किंवा कोणाला सुचलेला तरी नाही. माझे आवडते रस्ते दुसऱ्या प्रकारात सापडले.

आणखी एक : ज्या आडव्या रस्त्यावरून बस जाते तो बहुधा डांबरी असतो आणि त्याची डागडुजीही होते.

एवढं करूनही शंका उरली तर तो तुकडा राईडच्या पहिल्या तिसऱ्या भागात घाला. पाय ताजे असताना परत फिरायला कोणी कुरकुरत नाही. शेवटच्या टप्प्यात, पाणी संपलेलं असताना, माणूस हट्टाने खडीत शिरतो.

हूडवरचे_हात

+1. शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावा.

चक्रधारिणी

धागा छान, पण 'छोटा रस्ता म्हणजे चांगला रस्ता' हे मला तितकं सरळ वाटत नाही.

साडेतीन मीटर रुंदीचा रस्ता, दोन्ही बाजूंना डोक्याइतकं पीक किंवा दगडी बांध, आणि वळणापलीकडचं काही दिसत नाही. गाड्या कमी असतात हे खरं. पण जी येते ती 'इथे कोण असणार' या भरवशावर येते आणि तिला आणि मला मिळून एकच लेन असते. याउलट मोठ्या रस्त्याला दीड-दोन मीटरची स्वच्छ साईडपट्टी असेल, तर ट्रकवाल्याला मी अर्धा किलोमीटर आधी दिसते. गाड्यांची संख्या आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोटारीने सायकलच्या पुढे जाताना बाजूला किती अंतर सोडायचं याचे काही देशांत नियम आहेत. फ्रान्समध्ये वस्तीबाहेर 1.5 मीटर. जर्मनीत 2020 पासून वस्तीत 1.5 आणि वस्तीबाहेर 2 मीटर. आता साडेतीन मीटरच्या रस्त्यावर मी कडेपासून जरा आत चालवत असेन, तर दोन मीटर सोडून मोटार जाणार कुठून? तिने मागे थांबायचं हाच त्याचा अर्थ. किती जण थांबतात, तुम्हीच सांगा. म्हणून अशा रस्त्यावर मी कडेला चिकटून चालवतच नाही. कडेला गेलं की मागच्याला वाटतं, जागा आहे. मी लेनच्या मधोमध राहते आणि पुढे रुंद जागा आली की स्वतःहून बाजूला होऊन हात करते.

दुसरं, एकटीने राईड करणाऱ्या बायका मार्ग निवडताना आणखी एक चाळणी लावतात. निर्मनुष्य रस्ता कितीही सुंदर असला तरी मी पहाटे एकटी तिथे जात नाही. दर तीन-चार किलोमीटरवर वस्ती हवी, शेतात कामाला आलेली माणसं हवीत. तुमच्या षटकोनाचा मला खरा उपयोग हा : खेडी जवळजवळ आहेत, म्हणजे कोणीतरी असतं. 'शांत' आणि 'सुनसान' यातली रेघ प्रत्येकाची वेगळी असते, मार्ग सुचवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आडफाटा

ताई, निर्मनुष्य रस्त्याचा मुद्दा लाखमोलाचा, धाग्यात तो यायलाच हवा होता.

साईडपट्टीवर मात्र मी तुमच्याशी भांडणार. स्वच्छ साईडपट्टी नकाशात असते, रस्त्यावर क्वचित. मोटारींची चाकं जो कचरा उडवतात तो सगळा तिथेच जमतो. टायरच्या फाटक्या तारा, काचा, बारीक खडी. शिवाय पूल आला की पट्टी गायब, आणि नेमकं तिथे वेगाच्या वाहतुकीत आत शिरावं लागतं. आडवा रस्ता घ्यायचा का, याची माझी कसोटी रुंदी नव्हे, नजर किती लांब पोचते ही. सपाट उघड्या शिवारातला अरुंद रस्ता मी डोळे झाकून घेईन. उंच बांधांमधला वळणावळणाचा रस्ता घेतलाच, तर हंगाम बघून. पीक निघालं की तोच रस्ता आरपार दिसतो.

चक्रधारिणी

डोळे झाकून नको, उघडे ठेवूनच घ्या. :) पीक निघाल्यावर ठीक. पण पीक निघताना ट्रॉल्या त्याच रस्त्यावर असतात, तेवढे आठवडे सोडून.

जुनं_पोलाद

ट्रॉल्यांवरून आठवलं. शेतातून रस्त्यावर येणाऱ्या तोंडाकडे कोणी बघत नाही, आणि रोड बाईक आडवी होते ती तिथेच.

ट्रॅक्टर शेतातून वर चढतो तेव्हा मागच्या चाकाच्या खाचांतला चिखल डांबरावर पडतो, लांबट वड्या पडाव्यात तसा. पहिले दोन दिवस तो ओला आणि निसरडा. मग वाळतो आणि गाड्या त्याचा भुगा करतात. पाऊस पडला की त्या भुग्याचा पातळ थर होतो, आणि डांबराचाच रंग असल्याने तो दिसत नाही. खरी गंमत वळणाच्या आतल्या बाजूला. मोटारींची चाकं बाहेरून जातात, तिथलं डांबर घासून स्वच्छ राहतं. आतल्या बाजूला बारीक कच साठतो. रेसिंग लाईन (वळण आतून कापणारी वेगाची वाट) पकडायच्या नादात आपण बरोबर तिथेच सायकल झुकवतो. उपाय एकच : वळणाच्या आधी ब्रेक, वळणात ब्रेक नाही, आणि मोटारीच्या चाकांनी घासलेल्या पट्ट्यातूनच जायचं.

रेल्वेचे रूळ आडवे येत असतील तर काटकोनात ओलांडा. रूळ तिरपे असतील तर आधी थोडी मोकळी बाजू घेऊन सायकल सरळ करून घ्या. ओल्या रुळावर तिरपं चाक गेलं की सावरायला वेळच मिळत नाही.

टायरबद्दल. माझी फ्रेम जुनी, तरी 28 मिमी बसतं. आडव्या रस्त्यांवर 25 च्या खाली मी जाणार नाही, जमलं तर 30-32 घ्या. टायरच्या कडेवर 28-622 असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. रुंद टायरमध्ये हवा कमी भरायची. खडबडीत डांबरावर दगडासारखं फुगवलेलं टायर उड्या मारतं, आणि त्या उड्यांत तुमचीच ताकद वाया जाते. हुकलेस रिम (जिच्या कडेला टायर अडकवणारा आतला ओठ नसतो) असेल तर हा आवडीनिवडीचा प्रश्नच नाही, कमाल मर्यादाच 5 बार म्हणजे साडेबहात्तर पीएसआय. पंप मारताना काट्याकडे लक्ष ठेवा.

उतारप्रेमी

कोणी दिशेबद्दल बोललंच नाही! तोच लूप (फिरून घरी येणारा मार्ग) उलटा फिरवला तर दुसरीच राईड होते.

जिथे वाहतूक डाव्या बाजूने चालते तिथे डावीकडे वळणं सोपं, समोरची लेन ओलांडावी लागत नाही. म्हणजे लूप घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला तर मुख्य वळणं डावीकडची येतात. उजव्या बाजूने वाहतूक असेल तर याच्या बरोबर उलट, घड्याळाच्या दिशेने.

चढ-उताराचंही तसंच. डोंगराची एक बाजू उभी आणि वळणाची असेल, दुसरी लांब आणि सरळ, तर उभ्या बाजूने चढा आणि सरळ बाजूने उतरा. चढताना वेग कमी असतो, खराब रस्ता चालून जातो. उतारावर मात्र डांबर चांगलंच हवं.

नकाशेवाला

उतारप्रेमींशी सहमत, फक्त एक पुरवणी. आऱ्याला आडवा रस्ता दोन्ही बाजूंनी नेमका समोरासमोर क्वचितच मिळतो. एका बाजूचा फाटा इथे, तर दुसऱ्या बाजूचा दोनशे मीटर पुढे. मधले दोनशे मीटर मोठ्या रस्त्यावरून काढावे लागतात. डाव्या बाजूने वाहतूक असेल तर यातला चांगला प्रकार 'आधी उजवीकडे, मग डावीकडे'. फाट्याच्या तोंडाशी निवांत उभं राहायचं, दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या की एका दमात ओलांडून उजवीकडे वळायचं आणि पुढे सहज डावीकडे सटकायचं. 'आधी डावीकडे, मग उजवीकडे' हा वाईट प्रकार, कारण त्यात मोठ्या रस्त्याच्या मधोमध हात दाखवत गाड्यांच्या मध्ये थांबावं लागतं. आणि मजा बघा, लूपची दिशा बदलून हा दोष जात नाही. कागदावर काढून बघा, उलट आलात तरी क्रम तोच राहतो. म्हणून असा फाटा असेल तर मी तो फाटाच टाळतो, पुढचा शोधतो.

आता उंचीच्या आकड्यांबद्दल. ॲप सांगतं की या मार्गावर 640 मीटर चढ आहे. ते कुठून आलं? बऱ्याच ॲप्सच्या उंचीच्या माहितीचं मूळ फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानाने केलेल्या रडार मोजणीत आहे. 11 दिवसांच्या त्या मोहिमेत साधारण 30 मीटरच्या चौकटीने जमीन मोजली गेली. जमीन मोजली, तुमचा रस्ता नव्हे. खोल ओढ्यावर पूल असेल तर ॲप तुम्हाला ओढ्यात उतरवून वर चढवतं. डोंगराच्या कुशीतून कापलेला सपाट रस्ता करवतीसारखा वर-खाली दिसतो. म्हणून एकूण चढाच्या आकड्यावर रागावण्यात अर्थ नाही. हवेच्या दाबावरून उंची मोजणारा सायकल कॉम्प्युटर प्रत्यक्ष राईडमध्ये जास्त विश्वासाचा.

सरासरी चढाने तर अजिबात फसू नका. 2 किमीत 60 मीटर म्हणजे सरासरी 3 टक्के, ऐकायला किरकोळ. पण पहिल्या दीड किलोमीटरमध्ये 10 मीटर आणि शेवटच्या अर्ध्यात 50 असतील, तर तो शेवटचा अर्धा किलोमीटर 10 टक्क्यांचा आहे. समोच्चरेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा उघडा. रेषा जिथे एकमेकींना चिकटतात तिथे तुमचा जीव जाणार आहे.

मंदगती

आणि तो जीव वाचवायला गिअर कोणता लागतो? माझ्याकडे पुढे 50/34 आणि मागे 11-28 दाती आहे.

नकाशेवाला

28 चं टायर धरलं तर चाकाचा घेर सुमारे 2.14 मीटर. पुढे 34 आणि मागे 28 असेल तर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण 2.6 मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर ताशी 9.3 किमी. मागे 32 दाती घेतलं तर फेरीला 2.27 मीटर, म्हणजे ताशी 8 च्या जरा वर. फरक थोडा वाटतो. पण 10 टक्क्यांवर सायकलसकट 80 किलो वजन ताशी 8 ने वर न्यायला नुसत्या गुरुत्वाकर्षणापोटी 175 वॉट लागतात, आणि 9.3 ने न्यायला दोनशेच्या वर. नवीन माणसासाठी हा फरक 'चढलो' आणि 'उतरून ढकलली' यातला आहे. मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) 32 घेतो का हे आधी मेकॅनिककडून तपासून घ्या, सगळे घेत नाहीत.

हूडवरचे_हात

उतरून ढकलण्यात कमीपणा नसतो हो. बुटाखालचे क्लीट (पेडलला अडकणारे तुकडे) झिजतात तेवढंच.

वारा_समोरून

माझं नावच बघा, मी वाऱ्यावर बोलणार.

ताशी 25 ने चालवताना समोरून ताशी 15 चा वारा असेल तर अंगाला हवा लागते 40 च्या वेगाची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे इथे अडीचपटीच्या वर. 'जाताना समोरून, येताना मागून, हिशोब फिटला' असं म्हणणारे भेटतात. फिटत नाही. 20 किमी ताशी 20 ने गेलात, एक तास. परत ताशी 30 ने आलात, 40 मिनिटं. सरासरी 24 पडली, 25 नव्हे. कारण वाऱ्याविरुद्ध तुम्ही जास्त वेळ असता.

लूपचा मोठा फायदा इथे आहे. वाऱ्याविरुद्धचा तुकडा कुठे येईल हे तुमच्या हातात असतं. पुस्तकी सल्ला म्हणजे आधी वाऱ्यात जा, पाठीवर वारा घेऊन परत या. त्यात एक गोष्ट राहून जाते. पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि स्थिर असते. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर-खाली घुसळते आणि वरचा वेगवान वारा खाली येतो. म्हणजे निघताना वारा नसतोच, तो तुम्हाला परतताना गाठतो. त्यामुळे निघतानाचा वारा बघून दिशा ठरवू नका. सकाळी दहाचा अंदाज बघा आणि तो पाठीवर येईल असा शेवटचा आरा निवडा.

वाऱ्याविरुद्धचा तुकडा झाडी, बांध, वस्ती यांच्या आडोशाने जावा आणि मागून वाऱ्याचा तुकडा उघड्या माळावरून. याने जो फरक पडतो तो महागड्या चाकांनी पडत नाही.

चक्रधारिणी

हे पटलं. त्यात सूर्यही धरा. पहाटे पूर्वेकडे किंवा संध्याकाळी पश्चिमेकडे मोठ्या रस्त्यावरून जाऊ नये. ऊन आपल्या डोळ्यांत जातं हे सहन होतं, पण मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्याही डोळ्यांत तेच ऊन असतं आणि त्याला आपण दिसतच नाही. मागचा लाल दिवा भर उन्हातही चालू ठेवते मी.

टप्प्याटप्प्याने

बाजाराच्या दिवसाबद्दल कोणीच काही लिहिलं नाही? बाजारगाव म्हणता आणि बाजार विसरता!

त्या दिवशी सगळ्या आऱ्यांवरची वाहतूक सकाळी गावाकडे येते आणि दुपारनंतर बाहेर जाते. भल्या सकाळी बाहेर पडलात तर गर्दी तुमच्या समोरच्या लेनमध्ये असते, तुमची लेन मोकळी. घोळ होतो तो परतताना. दहा-अकराला तुम्ही गावाकडे येता आणि नेमके मालाने भरलेले टेम्पो, ट्रॉल्या, जनावरांच्या गाड्या तुमच्या सोबतीला. ट्रॉलीच्या मागे मागे राहून वारा चुकवायचा मोह होतो, तो टाळा. तिचे ब्रेकचे दिवे लागतील याची खात्री नसते आणि वर रचलेला माल कधी खाली येईल सांगता येत नाही. एक तर गर्दीच्या आधी परत या, नाहीतर त्या दिवशी प्रदक्षिणाच लांबवा आणि बाजार उठायच्या आधी रिकाम्या आऱ्याने आत या. गावातल्या बाजाराच्या रस्त्यातून सायकल हातात धरून चालत जाणं केव्हाही बरं.

कुत्र्यांबद्दल एवढंच : खेड्याच्या वेशीवर वेग कमी करा. जोरात पळणाऱ्या चाकामागे ते धावतात. थांबून उतरलात आणि सायकल मध्ये धरलीत की बहुतेकांचा उत्साह मावळतो.

रात्रीचा_ब्रेव्हे

लांब पल्ल्यावाल्यांनी या धाग्याकडे नाक मुरडू नये. ब्रेव्हेमध्ये (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) 200 किमीला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40 तास मिळतात. नवीन माणसाला वाटतं याची तयारी म्हणजे लांबच लांब महामार्ग. मी पहिल्या 200 ची तयारी गावाभोवतीच्या लूपवरच केली. सकाळी एक प्रदक्षिणा, गावात येऊन बाटल्या भरायच्या, मग दुसऱ्या दिशेचा मोठा लूप. दोन लूपांच्या मध्ये घर येतं आणि 'आता बस्स' म्हणायचा मोहही येतो. त्या मोहाला नाही म्हणायचा सराव लांब राईडमध्ये पायांच्या सरावाइतकाच कामी येतो. फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या राईडचे 1200 किमी 90 तासांत करणारे लोकही मोठा भाग छोट्या ग्रामीण रस्त्यांवरून जातात, हमरस्त्याने नव्हे.

रात्री मात्र उलटं. अंधारात मी आडवे रस्ते टाळतो, ओळखीचे असले तरी. खड्डा दिव्याच्या झोतात येईपर्यंत चाक त्यात असतं.

नकाशेवाला

एक कल्पना मांडतो. बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात 1995 मध्ये सायकलसाठी क्रमांकांच्या नाक्यांचं जाळं उभं राहिलं. कल्पना ह्यूगो बोलेन या खाणीतल्या अभियंत्याची. प्रत्येक नाक्याला नंबर आणि पाटीवर शेजारच्या नाक्यांचे नंबर. सायकलवाला घरून नंबरांची यादी लिहून निघतो, 41-17-63-20 अशी, आणि आपला लूप आपणच जुळवतो. नंतर नेदरलँड्सनेही हीच पद्धत उचलली.

पाट्या लावणं आपल्या हातात नाही. पण प्रत्येकाने आपल्या बाजारगावाभोवतीच्या नाक्यांना नकाशात नंबर द्यायला काय हरकत आहे? 'हा 60 किलोमीटरचा मार्ग घ्या' अशा फाईलपेक्षा '4 ते 9 : डांबर चांगलं, 2 किमी उघडा माळ, मध्ये एक ट्रॅक्टरचं तोंड' अशी तुकड्या-तुकड्यांची माहिती जास्त टिकते. एक तुकडा खराब झाला तर तेवढाच बदलायचा, अख्खा मार्ग फेकायला नको.

मंदगती

हे मला झेपेल! माझ्या भागात आडवे तुकडे दहा-बारा निघतील. प्रत्येकाबद्दल काय काय लिहायचं?

आडफाटा

नकाशेवाले, झकास. मंदगती, मोजकंच लिहा : पृष्ठभाग आणि तो शेवटचा कधी पाहिला तो महिना, नजर लांब पोचते की नाही, वस्ती आहे का, मोठा रस्ता कसा ओलांडायचा (समोरासमोर, उजवं-डावं की डावं-उजवं) आणि पाणी भरायची जागा. चढ असेल तर सगळ्यात उभा अर्धा किलोमीटर किती टक्के आहे तेवढंच, सरासरी नको.

जुनं_पोलाद

आणि मातीचं तोंड कुठल्या बाजूला, तेही.

आडफाटा

तेही. आणि घराचा पत्ता फाईलमध्ये जाऊ देऊ नका. पहिला-शेवटचा किलोमीटर कापा आणि लूप गावातल्या चौकापासून सुरू करा. पहिली यादी आली की धाग्याच्या वर जोडतो.

मंदगती

नाका 4 ते 9 हा तुकडा रविवारी बघून येते. वारा कुठून आहे, ते शनिवारी रात्री विचारेन इथेच.